दोघांनी वाचायचे पुस्तक

पुस्तक ही एकट्याने उपभोगायची वस्तू आहे असा आपला सर्वसाधारण समज असतो, आणि मोठ्या माणसांच्या पुस्तकांपुरता तो बव्हंशी खराही आहे; कारण कादंबरीत गढून गेलेला मनुष्य घरच्यांच्या गराड्यात बसलेला असला तरी तेवढा वेळ त्यांच्यापासून दूर गेलेला असतो, आणि त्यास कोणी हाक मारली तर ती त्याला व्यत्ययच वाटते. लहान मुलांचे चित्रपुस्तक हा या नियमाचा ठळक अपवाद होय. ते पुरे होण्यासाठी दोन माणसे लागतात : शब्द वाचणारे अथवा गोष्ट सांगणारे एक, आणि त्याच वेळी चित्र न्याहाळणारे, त्यावर बोट ठेवणारे, सांगणाऱ्यास मध्येच थांबवणारे आणि उलटलेले पान पुन्हा मागे घ्यावयास लावणारे दुसरे. येथे अडवणे आणि विचारणे हाच वाचनाचा गाभा असतो. छपाईची तंत्रे पालटली, चित्रांच्या शैली पालटल्या, बोलपट, दूरदर्शन आणि मोबाईल यांनी मुलांच्या दृष्टीसमोर अगणित हलती चित्रे आणून ठेवली, तरीही मोठ्या माणसाच्या मांडीवर मूल आणि मुलाच्या मांडीवर पुस्तक ही बैठक मोडली नाही, याचे मर्म चित्रपुस्तकाच्या या दुहेरी वाचनात आहे असे मला वाटते.

हे मर्म तपासून पाहावयाचे, तर पुण्या-मुंबईच्या पुस्तकांच्या दुकानांपेक्षा इटियाडोहाचा मुलूख अधिक उपयोगी पडेल. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेल्या या धरणाचे पाणी कालव्यांवाटे खाली वडसा-देसाईगंजाकडच्या धानशेतीपर्यंत जाते, आणि त्याच्या भोवतालचा सारा प्रदेश हा झाडीपट्टीचा : साग-मोहाची राने, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले आणि मालगुजारीच्या अमदानीत सरकारी दप्तरी नोंदले गेलेले तलाव, गावोगावच्या बोड्या म्हणजे लहान तळी, धानाच्या बांध्या, आणि जवळच नवेगावबांधचा तो विस्तीर्ण जलाशय, ज्याच्या काठचे पक्षिजीवन मारुती चितमपल्ली यांच्या लेखणीने मराठी वाचकाच्या परिचयाचे केले. येथील घरांत झाडीबोली बोलली जाते, गोंड वस्त्यांत गोंडी कानी पडते, आणि गोठणगावानजीक नोर्ग्येलिंग या वसाहतीत, मायदेश सोडून आलेल्या तिबेटी कुटुंबांची मुले तिबेटी बोलतात. एका धरणाच्या परिसरात इतक्या भाषा नांदत असताना शाळेतले पुस्तक मात्र प्रमाण मराठीत बोलते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

गोष्टींचा दुष्काळ या मुलखात कधीच नव्हता. धानाची कापणी उरकली, मळणी झाली, की गावोगाव दंडार उभी राहते, खडी गंमत रंगते, आणि वडशाहून निघणाऱ्या नाटक मंडळ्यांचे प्रयोग रात्रभर चालतात. मायच्या पदराखाली अर्धवट झोपलेली, अर्धवट जागी मुले त्या प्रयोगांतले राजे आणि खलनायक डोळ्यांत साठवून पहाटे घरी येतात. उणीव आहे ती मुलाच्या हाती यावयाच्या चित्रांच्या पुस्तकाची. अनेक घरांत चित्र असलेले पहिले पुस्तक येते ते पहिलीच्या वर्गाचे पाठ्यपुस्तक, आणि ते येते तेव्हा त्याच्यासोबत परीक्षेची चाहूलही येते. त्यापूर्वीची सहा वर्षे, ज्या काळात मूल भाषा कानांनी पिते आणि जगाला डोळ्यांनी नावे ठेवीत जाते, ती वर्षे पुस्तकावाचून सरतात. याचे समर्थन करताना सांगितले जाते की आईबाप शेतावर असतात, रोवणीच्या दिवसांत तर पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत ते चिखलात उभे असतात, घरी उरते ती म्हातारी आजी आणि आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. आणि आजीला अक्षर येत नाही, तर पुस्तक कोणी वाचून दाखवावे?

या प्रश्नातच चित्रपुस्तकाविषयीचा मोठा गैरसमज दडलेला आहे. चित्रपुस्तक हे अक्षरांच्या पुस्तकाचे बालरूप आहे, अक्षर येईतोवरची ती तात्पुरती तजवीज आहे, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती अशी की चित्रपुस्तकात चित्र हीच मुख्य भाषा असते, आणि ती भाषा अक्षरशून्य आजीस आणि अक्षरपूर्व नातवास सारखीच अवगत असते. किंबहुना मुलाची नजर त्या भाषेत आपल्यापेक्षा तल्लख असते. कारण आपण अक्षरे शिकलो तेव्हापासून पानावर प्रथम अक्षरांकडे धाव घेण्याची सवय आपल्या डोळ्यांस जडली, आणि चित्राच्या कोपऱ्यात बसलेला बेडूक आपल्याला दिसेनासा झाला. मुलाला तो प्रथम दिसतो.

पाश्चात्त्य देशांतील चित्रपुस्तकाचा इतिहास पाहिला तर त्यातील कर्त्या पुरुषांस आणि स्त्रियांस हे रहस्य हळूहळू उलगडत गेलेले दिसते. मोराव्हियातील शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनियस याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सृष्टीतील वस्तू, प्राणी आणि मनुष्याचे उद्योगधंदे यांची चित्रे असून चित्रातील प्रत्येक वस्तूस आकडा दिलेला होता, व त्या आकड्याच्या आधारे खाली तिचे लॅटिन आणि जर्मन नाव मुलाने शोधून काढावयाचे होते. हे पुस्तक युरोपात पिढ्यान्‌पिढ्या चालले. तरीही कोमेनियसच्या पुस्तकात चित्र हे शब्दाचे सेवक होते. पुढे एकोणिसाव्या शतकात, १८७८ पासून, इंग्लंडातील रँडॉल्फ काल्डेकॉट याने एडमंड इव्हान्स या कुशल मुद्रकाच्या साहाय्याने बडबडगीतांची जी रंगीत पुस्तके काढली, त्यांत चित्रे शब्दांनी न सांगितलेले काही सांगू लागली; ओळ एक गोष्ट म्हणे आणि चित्र तीत दुसरी भर घाली. या कलेची परिणती पाहावयाची तर पॅट हचिन्स यांचे १९६८ चे 'रोझीज वॉक' पाहावे. रोझी नावाची कोंबडी खुराड्यातून निघते, वाडीभर हिंडते आणि जेवणाच्या वेळी परत येते, इतकेच त्या पुस्तकातील अवघे बत्तीस शब्द सांगतात. पण प्रत्येक चित्रात तिच्या पाठीमागे एक कोल्हा टपलेला असतो आणि दर वेळी त्याची फजिती होते. शब्दांत कोल्ह्याचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे मोठे माणूस वाचीत असते ती कोंबडीची शांत रपेट, आणि मूल पाहत असते तो जिवावरचा प्रसंग. वाचणाऱ्याला जे ठाऊक नाही ते ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि ते ओरडून सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. जगात जेथे सदैव मोठ्यांस अधिक कळते, तेथे मुलास अधिक कळण्याची ही एक जागा लेखिकेने हेतुपूर्वक निर्माण केली आहे.

चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची ही विद्या आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगवलेली चित्रे एकेक करून श्रोत्यांसमोर धरतात आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गातात. अशा एका आख्यानाच्या चित्रसंचाला ते पोथी म्हणतात, आणि सावंतवाडी संस्थानचा आश्रय या कलेस लाभलेला होता. परशुराम गंगावणे यांना याच परंपरेच्या जतनासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. या पोथीत वाचावयास अक्षर नाही. कथा सांगणाऱ्याच्या मुखात असते, प्रसंग कागदावर असतो, आणि ऐकणाऱ्याचे डोळे व कान या दोहोंच्या मेळातून आख्यान उभे राहते. मराठी माणसाच्या संस्कारात असलेली ही रीत घराघरांतून लहान मुलासाठी छापील पुस्तकाच्या रूपाने यावयास मात्र फार काळ लागला. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक सुरू केले, नागपुरातून 'मुलांचे मासिक' निघू लागले, पुढे 'चांदोबा' आला, १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' आले. या सर्वांनी अक्षर येणाऱ्या मुलाची उत्तम काळजी वाहिली. अक्षर न येणारे, दोन-तीन-चार वर्षांचे मूल हाही एक वाचक आहे, ही जाणीव नंतरची.

त्या वयाचे मूल आणि मोठे माणूस यांच्यामध्ये पुस्तक ठेवले असता नेमके काय घडते, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतलेला आहे. अनात निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक आई आणि तिचे बाळ यांच्या चित्रपुस्तक पाहण्याचे, बाळ आठ महिन्यांचे असल्यापासून दीड वर्षाचे होईतो, बारकाईने निरीक्षण केले होते. त्यांस असे आढळले की आईच्या बोलण्यास एक ठराविक क्रम असतो : ती प्रथम बाळाचे लक्ष चित्राकडे वेधते, मग ते काय आहे असे विचारते, मग त्याचे नाव सांगते, आणि बाळाने काही हुंकार दिला की त्यास मान्यता देते. बाळ अद्याप बोलत नाही; तरी आई त्याच्या हसण्यास, हात उचलण्यास, निरर्थक आवाजास उत्तर समजते आणि संभाषण पुढे नेते. बोलणे म्हणजे आळीपाळीने बोलणे, आपली पाळी आली की काही द्यावयाचे आणि दुसऱ्याचे घ्यावयाचे, हा संवादाचा पहिला कायदा बाळ शब्दांच्याही आधी येथे शिकते. त्यासाठी दोघांची नजर एकाच वस्तूवर स्थिरावणे अगत्याचे असते, आणि पुस्तकाचे पान हे काम विलक्षण सहजतेने करते. कारण त्यावरील कोंबडी पळून जात नाही, बोट तिच्यावर ठेवता येते, आणि उद्या पान उघडले तरी ती तेथेच असते.

दहा वर्षांनंतर, १९८८ साली, ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथे याच्या पुढचा प्रयोग केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट करून एका गटास त्यांनी वाचनाची निराळी रीत शिकवली : नुसते वाचून दाखवू नये, मुलास उलगडून सांगावे लागेल असे प्रश्न विचारावेत, त्याने दिलेल्या तोकड्या उत्तरात भर घालून ते पुन्हा उच्चारावे, आणि त्याचे कुतूहल जिकडे वळेल तिकडे आपण जावे. दुसरा गट नेहमीच्या पद्धतीने आणि तितक्याच वेळा वाचीत होता. चार आठवड्यांनी चाचण्या घेतल्या तेव्हा पहिल्या गटातील मुले आपले म्हणणे शब्दांत मांडण्याच्या बाबतीत स्पष्टपणे पुढे गेलेली आढळली. १९९२ साली मेक्सिकोत, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांच्या पाळणाघरांतही ही रीत गुणकारी ठरली. या प्रयोगांचा इटियाडोहाच्या आजीशी संबंध असा की, ज्या गोष्टीने फरक पडला ती वाचणाऱ्याची साक्षरता नव्हती. ते होते विचारणे, ऐकणे आणि मुलाच्या मागून जाणे. हे आजीस येते. पोराने आभाळाकडे बोट दाखवले की "काय दिसते रे तुला?" असे विचारून त्याचे बोबडे उत्तर पुरे करून देण्याचा शिरस्ता तिच्या घरात पुस्तकांच्या आधीपासून आहे. फक्त तिच्यापुढे पान उघडून ठेवावयास हवे, आणि हे वाचन तुझेही आहे, असे कोणी तरी तिला सांगावयास हवे.

तथापि शब्दसंग्रह वाढतो म्हणून मुले चित्रपुस्तकाकडे धाव घेत नाहीत, आणि मोठ्यांनाही ते दिवस जन्मभर आठवतात ते त्या लाभासाठी नव्हे. तेच पुस्तक, तेच पान, तोच आवाज मुलास पुन्हापुन्हा हवा असतो, आणि सांगणाऱ्याने एखादे वाक्य गाळले तर ते तत्काळ पकडले जाते. कारण गोष्टीचा शेवट ठाऊक असल्याने भीतीच्या प्रसंगातून जाण्याचे धैर्य त्यास मिळते. मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकात मस्ती केल्याबद्दल उपाशी खोलीत पाठवलेला मुलगा कल्पनेने अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो. जसजसा तो घरापासून दूर जातो तसतशी चित्रे पानावर मोठी होत जातात, शब्द मागे सरतात, आणि प्राण्यांच्या धिंगाण्याची सलग तीन दुपानी चित्रे पूर्णपणे निःशब्द आहेत. मग तो परततो, जेवण त्याची वाट पाहत असते, आणि शेवटच्या पानावर चित्रच नसते, असतात ते केवळ ऊब सांगणारे पाच शब्द. राग, एकटेपणा आणि परत येणे हे तीन वर्षांच्या जिवाचे गंभीर विषय आहेत. त्यांविषयी त्याला बोलता येत नाही. पण ज्याच्या अंगाला अंग लावून ते बसले आहे अशा माणसासह ते त्यांच्याकडे पाहू शकते. चित्रपुस्तकाचे चिरंतन आकर्षण या सुरक्षित सहदर्शनात आहे, आणि कोणतेही यंत्र त्याची जागा घेऊ शकले नाही, कारण यंत्रावरील चित्र स्वतःच बोलते, स्वतःच पुढे सरकते, आणि मुलाच्या प्रश्नासाठी थांबत नाही. पुस्तक थांबते.

चित्र भाषांच्या सीमा ओलांडते, याचा फार मोठा दाखला महायुद्धोत्तर जर्मनीने दिला. येला लेपमन या नाझी राजवटीत देश सोडावा लागलेल्या ज्यू पत्रकार बाई १९४५ साली परतल्या, आणि उद्ध्वस्त नगरांतील मुलांना अन्नवस्त्राच्या जोडीला पुस्तकेही हवीत असा आग्रह धरून त्यांनी अनेक राष्ट्रांना, ज्यांतील काही कालपर्यंत जर्मनीचे शत्रू होते, बालपुस्तके पाठविण्याची विनंती केली. त्या पुस्तकांचे प्रदर्शन १९४६ साली म्युनिक येथे भरले, त्यातून १९४९ साली आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले, आणि १९५३ साली बालपुस्तकांसाठी काम करणारे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. जर्मन मुलांना त्या परकी भाषा येत नव्हत्या; चित्रे मात्र त्यांना लगेच वाचता आली. जे म्युनिकला खरे होते ते गोठणगावाकडेही खरे आहे. सारसाच्या जोडीचे चित्र झाडीबोलीतील मुलाचे असते, गोंडीतील मुलाचे असते आणि तिबेटीतील मुलाचेही असते; तिघेही त्याविषयी आपापल्या घरच्या भाषेत बोलू शकतात आणि तिघांपैकी कोणाचेही बोलणे अशुद्ध ठरत नाही. शाळेत पाऊल ठेवताच ज्या मुलांच्या बोलीस दुरुस्तीचा हुकूम ऐकावा लागतो, त्यांच्यासाठी ही मोकळीक अमोल आहे. धानाचे पऱ्हे जसे आधी आपल्या वाफ्यात जोमदार व्हावे लागते आणि मगच रोवणीत तग धरते, तसे घरच्या बोलीत भरपूर बोललेले मूलच शाळेच्या भाषेत न बुजता रुजते.

महाराष्ट्रात या विचाराची पायाभरणी ज्यांनी केली त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्थान अग्रभागी आहे. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या पाड्यांवर, त्यांच्या अंगणात नेण्यात आली, आणि परदेशी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे यांतून शिक्षणसाहित्य तयार झाले. पुढे १९८१ साली निर्मला पुरंदरे यांनी वनस्थळी ही संस्था काढून खेड्यांतील स्त्रियांना बालवाडी चालविण्याचे शिक्षण दिले. आणि त्यांच्या कन्या माधुरी पुरंदरे, ज्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, त्या मराठी चित्रपुस्तकाच्या श्रेष्ठ निर्मात्या ठरल्या. 'राधाचं घर' या संचात, 'बाबांच्या मिश्या' मध्ये आणि यशच्या गोष्टींत शब्द आणि चित्र ही एकाच हाताची कामे असल्याने ती एकमेकांची पुनरुक्ती करीत नाहीत, परस्परांस जागा देतात. घरातली नाती, लहानसहान रुसवे, आजी-आजोबांची लगबग यांतील सत्य त्या उपदेशावाचून दाखवतात. 'चित्रवाचन' या त्यांच्या पुस्तकात तर पानभर पसरलेली, माणसांनी आणि व्यवहारांनी गजबजलेली चित्रे आहेत आणि गोष्ट पाहणाऱ्याने रचावयाची आहे. अक्षर न येणाऱ्या आजीसाठी आणि अक्षर न आलेल्या नातवासाठी याहून योग्य पुस्तक मराठीत क्वचितच सापडेल. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि २०१६ साली टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कारही लाभला.

उत्तम पुस्तके आहेत हे खरे. परंतु त्यांतील जग पुष्कळदा शहरी मध्यमवर्गाचे असते. इटियाडोहाच्या मुलाने उंच इमारती आणि समुद्रही अवश्य पाहावेत, पण पुस्तकात त्याची बोडी, डोंगा हाकणारा ढिवर, मोहफुले वेचणारी माय आणि तेंदूपत्त्याचे पुडके दिसले पाहिजेत. कारण आपले जगणे चित्रात आलेले पाहणे म्हणजे ते चित्र काढण्याच्या योग्यतेचे आहे अशी ग्वाही मिळणे होय. या बाबतीत गोंड चित्रकारांनी सगळ्या जगाला धडा घालून दिला आहे. मध्यप्रदेशातील पाटनगढचे भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवावयास गेले आणि परत येऊन त्यांनी 'द लंडन जंगल बुक' रचले, जे चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ साली काढले : त्यात लंडनच्या प्रसिद्ध मनोऱ्याच्या घड्याळात वेळ सांगणारा कोंबडा शिरला आहे, आणि शहराची बस इमानी कुत्र्याच्या रूपात धावते आहे. परके शहर त्यांनी आपल्या रानाच्या भाषेत वाचले. दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती यांच्यासह त्यांनी केलेले 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे हाताने बनविलेल्या काळ्या कागदावर छापलेले झाडांचे पुस्तक २००६ चे, आणि २००८ साली इटलीतील बोलोन्या येथे त्याचा गौरव झाला. ज्या समाजाच्या चित्रकारांची पुस्तके जगभर मानाने ठेवली जातात, त्याच समाजाच्या गोंदियातील मुलांच्या हाती चित्रपुस्तक नसावे, हे आपण चालू देता कामा नये.

आता व्यवस्थेचा विचार. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्यामुळे आज खेडोपाडी अंगणवाडी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांस एकत्र आणणारी याहून मोठी यंत्रणा दुसरी नाही. तेथे आहाराची आणि लसीकरणाची नोंद नेमाने होते. तशीच किती चित्रपुस्तके किती घरी गेली याचीही नोंद व्हावी. पुस्तके कपाटात कुलूपबंद ठेवण्याकरिता नसून फाटण्याकरिता आहेत, आणि फाटलेले पुस्तक हा सेविकेचा अपराध मानला जाणार नाही, असे वरिष्ठ कचेरीने तिला लेखी कळवावे; एरवी दप्तर तपासणीच्या धाकाने ती कुलूप उघडणार नाही. पुस्तके गावोगाव फिरविण्याचा पाठ आपल्या शेजारीच घालून दिलेला आहे : सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालास बडोद्यात आणले आणि संस्थानातील खेड्यांत पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविण्याची फिरती ग्रंथालये सुरू केली. गोंदिया जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान घेतात; त्यांतील प्रत्येकाने अशी एक पेटी आसपासच्या अंगणवाड्यांसाठी राखली तरी पुष्कळ काम होईल. इंग्लंडात १९९२ साली बर्मिंगहॅम येथे 'बुकस्टार्ट' हा उपक्रम अवघ्या तीनशे बालकांना पुस्तके देऊन सुरू झाला आणि पुढे तो देशव्यापी झाला; आरंभास मोठा आकडा लागत नाही.

पुस्तकांच्या किमतीची सबबही आता फारशी टिकत नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील सचित्र पुस्तके मराठीत स्वस्त दरात मिळतात. बंगळूरची प्रथम बुक्स ही संस्था २००४ पासून अल्प किमतीची बालपुस्तके अनेक भारतीय भाषांत काढते, आणि २०१५ साली तिने सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरील पुस्तके कोणासही विनामूल्य वाचता, छापता आणि आपल्या बोलीत आणता येतात. तेथे गोंडीतील गोष्टीही आहेत. झाडीबोलीतील पुस्तके बाहेरून येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. आजीने सांगितलेली गोष्ट थोरल्या मुलीने तिच्याच बोलीत लिहून घ्यावी, धाकट्यांनी तिची चित्रे काढावीत, आणि सेविकेने सुईदोऱ्याने पाने शिवावीत. कोसबाडच्या शिंपल्या-बियांच्या परंपरेस शोभेल असे ते पुस्तक होईल, आणि त्यातील लेखक, चित्रकार व वाचक एकाच घरात राहत असतील.

मोठ्यांनी या वाचनात काय करावे, याविषयी थोडे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पुस्तक मुलाच्या हाती द्यावे आणि पाने त्याला उलटू द्यावीत. मुखपृष्ठापाशीच पुरेसे रेंगाळावे, कारण गोष्ट कशाची असेल हे ओळखण्यात अर्धा आनंद असतो. "हे काय आहे?" हा प्रश्न वर्षाच्या बाळास पुरतो, तीन वर्षांच्या मुलास "हा असा का पळतोय?", "आता काय होईल?" असे विचारावे, आणि उत्तरास वेळ द्यावा. मूल भलत्याच पानावर अडून राहिले तर आपणही तेथेच राहावे. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नये, अक्षरे गिरवावयास लावू नयेत, पाहुण्यांपुढे म्हणून दाखवावयास सांगू नये. परीक्षेचा वास लागला की मूल या बैठकीतून उठून जाते आणि पुन्हा सहजी येत नाही. थोरल्या बहिणीने धाकट्यास वाचून दाखविणे हे तर दुहेरी फळाचे काम आहे, कारण शाळेत अडखळत वाचणारी मुलगी भावापुढे निर्भयपणे वाचते, आणि तोच तोच मजकूर वाचता वाचता तिचेही वाचन सुधारते. वडिलांनी आणि आजोबांनी यात कमीपणा मानू नये. दिवसभर बांधीत राबून आलेल्या माणसाजवळ मुलास देण्यासाठी थोडाच वेळ उरतो. तो वेळ चित्रांच्या एका पुस्तकापाशी गेला तर त्याचे मोल मोठे आहे.

चित्रपुस्तक टिकून राहिले ते त्याच्या रंगांमुळे किंवा स्वस्ताईमुळे नव्हे, तर लहान मुलाच्या दोन मूलभूत गरजा, आपल्या माणसाजवळ असणे आणि आपले म्हणणे कोणी ऐकणे, ही वस्तू एकाच बैठकीत पुरवते म्हणून. या गरजा शहरातील मुलाच्या जितक्या, तितक्याच धरणाच्या काठावरील मुलाच्याही आहेत, आणि त्या पुरविण्यास लागणारी मोठी माणसे, आज्या, माया, बहिणी, इटियाडोहाच्या प्रत्येक गावात मुबलक आहेत. त्यांना अक्षर येत नाही म्हणून आपण त्यांना वाचनाच्या बाहेर उभे केले, हा आपला अविचार होता. आजपासून अंगणवाडीच्या पालकसभेस आजीलाही बोलवावे, तिच्या हाती शब्द नसलेले चित्रांचे पुस्तक द्यावे, ते घरी न्यावयास सांगावे, आणि पुढल्या सभेत तिने नातवाबरोबर त्यातून कोणती गोष्ट काढली ते सर्वांनी बसून ऐकावे. त्या दिवशी गावात एक वाचक वाढला असे समजू नये. दोन वाढले असे मोजावे, कारण हे पुस्तक एकट्याला वाचता येतच नाही.